फुगले, पण टिकले नाहीत! हर्ब-चीज पफबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी नागपूरच्या पत्रांत हर्ब-चीज पफचीच गर्दी आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. आपल्याकडे बेकरीत पफ मागितला की खारीच्या जातीचा, पापुद्र्यांचा पफ हातात येतो. पत्रांतले बहुतेक प्रश्न मात्र दुसऱ्याच पफचे आहेत: गोल, आतून पोकळ, उकडलेल्या पिठाचा. दोन्हींचं पीठ वेगळं, फुगण्याची रीत वेगळी आणि बिघडण्याचीही. पापुद्र्यांच्या पफला पुढे एक उत्तर दिलं आहे. बाकी सगळं गोल पफबद्दल.

प्र. एका रिसेप्शनमध्ये मोठ्या लिंबाएवढे, वरून कुरकुरीत आणि आतून पोकळ असे चीज पफ खाल्ले. घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) होतील का? माप नेमकं द्या, ‘अंदाजे’ नको. (धरमपेठ)

उ. होतील. हे फ्रान्सच्या बर्गंडी भागातले ‘गुझेर’. एक्लेअर (क्रीम भरलेली लांबट फ्रेंच पेस्ट्री) ज्या पिठाचे करतात त्याच पिठात चीज घातलं की गुझेर. त्या पिठाचं फ्रेंच नाव ‘शू’, म्हणजे कोबी. भाजलेला गोळा गड्ड्यासारखा दिसतो म्हणून. आपल्या भाषेत सांगायचं तर ही मैद्याची उकड. मोदकाची उकड ज्यांना जमते त्यांचं निम्मं काम झालेलंच आहे.

२० ते २२ नगांसाठी पाणी १२५ मिली, बटर ५५ ग्रॅम, मैदा ७५ ग्रॅम, फोडून फेटलेली अंडी १२५ ग्रॅम (मध्यम आकाराच्या तीन अंड्यांत एवढं भरतं, थोडं उरतंही), बारीक किसलेलं चीज ६० ग्रॅम, चिरलेली हर्ब्ज (सुवासिक पाला; कुठला ते पुढे सांगितलं आहे) दोन मोठे चमचे, मिरपूड पाव चमचा, मोहरीची पूड अर्धा चमचा. रंग जास्त खमंग हवा असेल तर निम्म्या पाण्याच्या जागी दूध घ्या. पिवळं बटर आणि प्रोसेस्ड चीज दोन्ही खारट असतात, तेव्हा मीठ फक्त चिमूटभर. बिनमिठाचं बटर वापरलं तरच पाव चमचा.

बटरचे लहान तुकडे करून पाण्यात टाका आणि मध्यम आचेवर ठेवा. बटर विरघळणं आणि पाण्याला उकळी येणं एकाच वेळी झालं पाहिजे. मोठा गोळा तसाच टाकला तर तो विरघळेपर्यंत पाणी आटत राहतं आणि माप तिथेच चुकतं. खळखळून उकळी आली की चाळलेला मैदा एकदम घाला, थोडा थोडा नाही. लाकडी उलथन्यानं घोटा. अर्ध्या मिनिटात गोळा होतो, पण तिथे थांबू नका. मंद आचेवर आणखी दोन ते तीन मिनिटं तो गोळा भांड्यात फिरवत, दाबत राहा. स्टीलच्या भांड्याच्या तळाला पांढरट पापुद्रा धरला की झालं. नॉनस्टिकमध्ये हा पापुद्रा दिसत नाही, म्हणून या कामाला जाड बुडाचं स्टीलचं पातेलं बरं. थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या मध्यात ७५ ते ८० अंश दिसले पाहिजेत.

मोदकाच्या उकडीशी फरक पडतो तो इथे. तिथे आपण झाकण ठेवून वाफ आत कोंडतो. इथे झाकण नाही, कारण जादा पाणी उडवायचं आहे. उकडलेल्या मैद्यात जितकी कोरड, तितकी अंडी तो पुढे पिऊ शकतो.

गोळा दुसऱ्या भांड्यात काढून पसरून ठेवा. बोट टेकवलं तर सोसेल इतका, म्हणजे ५० ते ५५ अंशांपर्यंत, निवू द्या. मग फेटलेलं अंडं चार वेळा विभागून घाला. प्रत्येक वेळी पीठ आधी फुटल्यासारखं, निसरडं होतं. घाबरू नका, घोटलं की पुन्हा एकजीव होतं. शेवटचा भाग मात्र सगळा ओतू नका, चमच्या-चमच्यानं घाला. उलथनं वर उचलल्यावर पीठ त्रिकोणी जिभेसारखं लोंबलं आणि तीन-चार सेकंदांनी सावकाश सुटलं की अंडं पुरे. मग चीज (वर घालायला एक चमचा बाजूला ठेवून) आणि हर्ब्ज मिसळा.

पायपिंग बॅग नसेल तर दुधाची जाड पिशवी धुऊन पुसून घ्या, पीठ भरा आणि कोपरा दीड सेंटीमीटर कापा. बटर पेपरवर ४ सेंटीमीटर रुंद गोळे घाला, मधे ५ सेंटीमीटर जागा सोडा. ट्रेला तुपाचा हात भरपूर लावू नका; गोळे घसरून पसरतात. वरचं शेंडीसारखं टोक ओल्या बोटानं दाबून टाका, नाहीतर तेच आधी करपतं. ओव्हन २२० अंशांवर निदान १५ मिनिटं तापवलेला हवा. ट्रे आत गेला की २०० करा आणि २० मिनिटं दाराला हात लावू नका. पुढची १२ ते १५ मिनिटं १८० वर.

प्र. पफ छान फुगले, सोनेरीही झाले. बाहेर काढले आणि दोन मिनिटांत फुस्स! पुरीसारखे चपटे. २०० अंशांवर १८ मिनिटं भाजले होते. बेकिंग पावडर घालायला हवी होती का? (मानेवाडा)

उ. बेकिंग पावडर नको, तिचं इथे काही काम नाही. हा पफ पाण्याच्या वाफेनं फुगतो. पिठातलं पाणी तापून वाफ होतं, ती बाहेर पडू पाहते, उकडलेल्या मैद्याची आणि अंड्याची लवचीक भिंत तिला अडवते, आणि गोळा आतून फुगत जातो. पुढे अंडं आवळतं, भिंत वाळते, आकार पक्का होतो. तुमचा पफ फुगला, म्हणजे पहिला भाग नीट झाला. दुसऱ्याला वेळ मिळाला नाही. १८ मिनिटांत बाहेरचा रंग येतो, कारण चीज आणि अंडं लवकर तांबूस होतात. आतली भिंत तोवर ओलीच असते. बाहेर काढल्यावर आतली वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होते, आतला दाब जातो, आणि ओली भिंत स्वतःचं वजनही पेलत नाही.

म्हणून वरचा रंग पाहून निर्णय घेऊच नका. बाजूच्या भेगा पाहा. फुगताना पृष्ठभाग जिथे फाटतो तिथे आतलं नवं पीठ दिसतं, आणि ते सगळ्यात शेवटी भाजतं. या भेगा पिवळट, ओलसर चकाकत असतील तर पफ कच्चा. त्याही वरच्या भागासारख्या तांबूस, कोरड्या दिसल्या की झाला. दुसरी खूण वजनाची: एक पफ हातात घेतला तर रिकाम्या डबीसारखा हलका लागला पाहिजे. शंका असेल तर एकच पफ बाहेर काढून दोन मिनिटं थांबा. तो बसला तर बाकीच्यांना आणखी पाच मिनिटं द्या. एकाचा बळी परवडतो.

भाजून झाल्यावर प्रत्येकाच्या बुडाशी किंवा बाजूला सुरीच्या टोकानं छोटं भोक पाडा, ओव्हन बंद करा, दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवा आणि पफ आतच दहा मिनिटं राहू द्या. कोंडलेली वाफ बाहेर पडते, आतलं जाळं कोरडं होतं.

बसण्याची आणखी दोन कारणं. पहिल्या २० मिनिटांत दार उघडलं तर तापमान झपकन उतरतं आणि न आवळलेली भिंत ढासळते. ती पुन्हा उभी राहत नाही. दुसरं कारण ओटीजीचं बटण. त्यावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत बऱ्याचदा फरक असतो. आत टांगायचा किंवा ठेवायचा ओव्हन थर्मामीटर घ्या. भाजण्याचे अर्धे प्रश्न तोच सोडवतो.

आणि हो, उन्हाळ्यात गरम पफ कूलरसमोर निववायला ठेवू नका. खसच्या टट्टीतून येणारी ती हवा गार असली तरी दमट असते. पफ दहा मिनिटांत रबरासारखा होतो आणि दोष बिचाऱ्या पाककृतीला जातो.

प्र. अंडी मोजून तीनच घातली, तरी पीठ धिरड्याच्या पिठाइतकं पातळ झालं. वरून दोन चमचे मैदा घातला, तर पफ दगडासारखे. कुठे चुकलं? (महाल)

उ. दोन ठिकाणी. अंडी मोजली, तोलली नाहीत. अंडं लहान-मोठं असतं आणि तीन मोठ्या अंड्यांत सहज तीस-चाळीस ग्रॅम जास्त भरतात. हे पीठ बिघडायला तेवढं पुरतं. शिवाय गोळा आचेवर पुरेसा कोरडा केला नसेल तर तो मुळातच कमी अंडं पितो. म्हणून शेवटचं अंडं नेहमी खूण पाहून घालायचं.

दुसरी चूक कोरड्या मैद्याची. कच्चा मैदा उकडलेल्या मैद्यासारखा पाणी धरत नाही. पिठात गुठळ्या राहतात, घोटून चिवटपणा येतो. पीठ पातळ झालं तर एकच खरा उपाय: निम्म्या मापाची उकड (पाणी ६० मिली, बटर २७ ग्रॅम, मैदा ३७ ग्रॅम) नव्यानं काढायची, कोमट करायची आणि पातळ पीठ तिच्यात थोडं थोडं मिसळत खूण येईपर्यंत जायचं. जे उरेल ते गोड मानून आप्पेपात्रात घालावं. पफ होणार नाहीत, पण वाया जाणार नाही.

घरचं लोणी वापरत असाल तर पातळपणाचं मूळ तिथेही असू शकतं. बाजारच्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो. घरच्या लोण्यात ताक आणि पाणी किती राहिलं ते धुण्या-पिळण्यावर ठरतं. त्यापेक्षा तूप घ्या: ५५ ग्रॅम बटरऐवजी ४५ ग्रॅम तूप आणि १० मिली जादा पाणी. तुपाच्या पफला चव वेगळी येते, वाईट नाही.

प्र. पाककृतींत थाइम, रोझमेरी, चाइव्ह्ज लिहिलेलं असतं. ते दर वेळी आणायचं कुठून? आपला सांभार टाकला तर भाजल्यावर चवच लागत नाही. (प्रतापनगर)

उ. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: सांभार म्हणजे कोथिंबीर.) निरीक्षण बरोबर आहे. कोथिंबिरीचा सुगंध नाजूक असतो आणि अर्ध्या तासाच्या कडक आचेत उडून जातो. सांभारवडीत तो टिकतो कारण तिथे सारणातच जुडीच्या जुडी असते आणि वरून आवरण असतं. पफमध्ये दोन चमच्यांपलीकडे पाला घालता येत नाही, म्हणून पाला तिखट वासाचा हवा.

थाइमच्या सगळ्यात जवळ जातो तो कुंडीतला पानओवा, जाड लोकरी पानांचा. तो फार रसाळ असतो, तेव्हा बारीक चिरून चिमूटभर मीठ लावा, पाच मिनिटांनी मुठीत घट्ट पिळा आणि एक मोठा चमचाच घाला. शेपू चीजबरोबर उत्तम लागतो. नाक मुरडणाऱ्यांनी एकदा खाऊन पाहावा. चाइव्ह्जच्या जागी कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग. हिवाळ्यात बाजारात कोवळी लसणाची पात येते तेव्हा तिच्यापुढे रोझमेरीचं कौतुक सांगू नये. कसुरी मेथी एक छोटा चमचा, तव्यावर शेकून चुरलेली. वाळवलेली कुठलीही हर्ब ताज्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच घ्या.

पाला धुऊन पंचावर पसरा आणि हाताला कोरडा लागेपर्यंत चिरू नका. ओला पाला म्हणजे मोजलेल्या पाण्यात न मोजलेलं पाणी. कच्चा कांदा, कच्चा लसूण पिठात घालू नका. परतून, गार करून घाला. आणि पाला वर भुरभुरू नका, काळा पडून कडू होतो. वर चीज, आत पाला.

प्र. चीज कुठलं? मोझरेला घातलं तर पफ जड झाले. पनीर चालेल? (सदर)

उ. मोझरेलात पाणी जास्त आणि चव सौम्य. ते तार धरतं, पफमध्ये तारेचा काही उपयोग नाही. फ्रेंच लोक ग्रुयेर किंवा कोंते घालतात. आपल्याला चेडारचा ठोकळा सहज मिळतो आणि तो छान चालतो. प्रोसेस्ड चीजचा ठोकळाही चालतो: त्यातल्या इमल्सिफायर क्षारांमुळे ते तेल सोडत नाही, पण चव मवाळ असते, म्हणून मोहरीची पूड आणि मिरी हात राखून घालू नका. स्लाइस आणि डब्यातलं स्प्रेड नको. किसणीच्या बारीक बाजूनं किसा; जाड किसाचे तुकडे भिंतीत भोकं पाडतात आणि तिथून वाफ निसटते. मैद्याइतक्या वजनापर्यंत चीज घालता येतं. त्यापुढे गेलात तर चव वाढेल, उंची कमी होईल. पनीर पिठात नको, सारणात घाला.

प्र. आमच्याकडे अंडं चालत नाही. दही, जवस, केळं यातलं काही घालून गोल पफ होतील का? (लक्ष्मीनगर)

उ. खरं सांगायचं तर, नाही. त्या गोळ्याची भिंत अंड्यामुळेच ताणते आणि अंड्यामुळेच आवळते. दह्यानं पीठ मऊ होईल, पण पोकळी धरणार नाही. तुमच्यासाठी पापुद्र्यांचा पफ हाच मार्ग, आणि तो काही कमी प्रतीचा नव्हे.

मैदा २०० ग्रॅम, फ्रिजमधलं कडक बटर १४० ग्रॅम दीड सेंटीमीटरच्या चौकोनांत कापलेलं, बर्फाचं पाणी ८५ ते ९५ मिली, लिंबाचा रस एक छोटा चमचा. बटरचे तुकडे मैद्यात घोळवून बोटांनी नुसते चपटे करा, चुरू नका. पाणी शिंपडत गोळा जेमतेम जमवा. तो फाटका-तुटका दिसला पाहिजे. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मग १५ बाय ४० सेंटीमीटर लाटून पत्रासारखी तीन पदरी घडी घाला, पाव वळसा फिरवून पुन्हा लाटा, पुन्हा घडी. फ्रिजमध्ये अर्धा तास. परत दोन घड्या, मग एक तास विश्रांती. ३ ते ४ मिलिमीटर जाड लाटून धारदार सुरीनं ७ सेंटीमीटरचे चौकोन कापा. सुरी ओढू नका, वरून दाबून कापा, नाहीतर कडांचे पदर एकमेकांना चिकटून बसतात. सारण: कुस्करलेलं पनीर १०० ग्रॅम, चीज ६० ग्रॅम, हर्ब्ज दोन चमचे, ओल शोषायला कोरडा ब्रेडचा चुरा एक चमचा. प्रत्येकात एक छोटा चमचाच. कडांना पाणी लावून त्रिकोणी दुमडा, वर सुरीनं एक चीर द्या, वीस मिनिटं फ्रिजमध्ये, वरून दूध लावा. २१० अंशांवर १५ मिनिटं, १८० वर आणखी १० ते १२.

नागपुरात अडचण येते ती एप्रिल ते जूनमध्ये. पापुद्रे सुटतात ते बटरचा थर मैद्याच्या दोन थरांमध्ये अखंड राहिला तरच. बाहेर ४५ अंश असताना स्वयंपाकघरात बटर पाच मिनिटांत वितळून मैद्यात मुरतं, आणि पफऐवजी जाड नानकटाई हाती येते. तेव्हा लाटण्याचं काम पहाटे करा. ओट्यावर बर्फ भरलेली परात दहा मिनिटं ठेवून, नंतर ओटा पुसून तिथेच लाटा. लाटणंही फ्रिजमध्ये. पीठ चमकायला किंवा चिकटायला लागलं की हट्ट न करता लगेच फ्रिजमध्ये ढकला. बेकरीवाल्यांना हा त्रास कमी होतो, कारण पफचं खास मार्जरीन बटरपेक्षा जास्त तापमानाला वितळतं. तोंडात ते टाळूला चिकटतं तेही त्याचमुळे. भाजताना ट्रेमध्ये बटरचं तळं साचलं तर दोनांपैकी एक झालं आहे: लाटताना बटर वितळलं होतं, किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता.

गोल पफला या उन्हाची धास्ती नाही, त्याचं बटर पहिल्याच पायरीत वितळवलेलं असतं. अंडं खाणाऱ्यांनी मे महिन्यात तोच करावा.

प्र. मुंजीसाठी ४० पाहुणे. दीडशे पफ आदल्या दिवशी करून ठेवले तर? (गोकुळपेठ)

उ. आदल्या दिवशी भाजू नका, घालून गोठवा. गोळे ट्रेवर घालून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या, मग पिशवीत भरा, महिनाभर राहतात. कार्याच्या दिवशी गोठलेलेच ट्रेवर मांडून भाजा, वेळ चार-पाच मिनिटं जास्त. वितळू दिले तर पसरतात. दीडशेला सातपट माप लागेल, पण एका वेळी दुपटीपेक्षा जास्त उकड काढू नका. मोठा गोळा घोटून कोरडा होत नाही. ओटीजीत एका वेळी एकच ट्रे, मधल्या खणात.

भाजलेले उरले तर तेही गोठवा आणि १७० अंशांवर सहा ते आठ मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये नको, चिवट होतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हवाबंद डब्यातले पफही संध्याकाळपर्यंत मऊ पडतात; त्यांनाही हाच उपाय. सारण भरायचं असेल तर वाढण्याच्या अर्धा तास आधी.

थोडक्यात काही:

एअर फ्रायर (नंदनवन): चालतो. १६५ अंश, १६ ते १८ मिनिटं, एका वेळी सहा. पंख्याच्या जोरानं गोळे कलंडतात, म्हणून थोडे चपटे घाला आणि बटर पेपर गोळ्यांच्या वजनाखाली पूर्ण दबलेला ठेवा. मोकळं टोक उडून कॉइलला लागतं.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह (त्रिमूर्तीनगर): फक्त कन्व्हेक्शनवर, खालच्या जाळीवर, तापमान २० अंश कमी.

मीठ घातलेला कुकर (इतवारी): केक होतो, हे पफ नाही. वाफ बाहेर जायला पुरेशी वाट नाही आणि वरून आच नाही.

कणीक (मनीषनगर): निम्मी चालते. कोंडा पाणी पितो, म्हणून पाणी १० मिली जास्त. फुगवटा कमी येईल. पूर्ण कणकेचे करायचे असतील तर सरळ मेथीच्या पुऱ्या करा, त्या जास्त चांगल्या लागतात.